गणितातले नामांकित प्रश्न आणि त्यांचे तोतये

प्रश्न असा आला आहे: २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिनानिमित्त सोलापुरातल्या एका वाचनालयात चाळीस मिनिटं बोलायचं आहे. समोर नववी-दहावीची मुलं, त्यांचे पालक, दोन-चार यंत्रमागवाले आणि निवृत्त मास्तर मंडळी. गणितातले जगप्रसिद्ध प्रश्न सूत्रांशिवाय सांगता येतील का? कोणते घ्यावेत, आणि सांगताना नेमकं फसतं कुठे?

सांगता येतील, पण चाळीस मिनिटांत दोनच. तिसरा प्रश्न राखीव ठेवा, वेळ उरला तर. सात-आठ प्रश्नांची यादी वाचून दाखवली की लोकांच्या लक्षात बक्षिसाची रक्कम राहते आणि बाकी काही राहत नाही.

आता फसतं कुठे ते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि काही काळ पुष्कळांनी त्याला खरा मानलंही. गणितातल्या जवळजवळ प्रत्येक गाजलेल्या प्रश्नाला असा एक तोतया असतो. दिसायला तोच, ऐकायला सोपा, पण आतून वेगळाच प्रश्न. वक्ता तोतयालाच समजावतो, टाळ्या पडतात, आणि लोक चुकीची गोष्ट घेऊन घरी जातात. म्हणून तयारी करताना प्रत्येक प्रश्नासाठी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: मूळ विधान सगळ्या अटींसकट, त्याचा तोतया, आणि तोतयाला उघडं पाडणारं एक उदाहरण. हे तिसरं उदाहरण सापडत नसेल तर तो प्रश्न अजून आपल्यालाच नीट कळलेला नाही, असं समजून तो सोडून द्या.

पहिला प्रश्न चार रंगांचा घ्या. सोलापूरकरांसाठी याहून चांगला प्रश्न नाही, कारण त्याचं सर्वोत्तम उदाहरण आपला जिल्हाच आहे.

विधान: सपाट कागदावरचा कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की सीमा लागून असलेल्या दोन प्रदेशांचा रंग कधीच सारखा येत नाही. अटी दोन, आणि त्या आधीच सांगायच्या. नुसत्या एका बिंदूत टेकणारे प्रदेश शेजारी धरायचे नाहीत; नाहीतर पिझ्झ्यासारखे कापलेले बारा तुकडे मध्यावर सगळे एकमेकांना टेकतात आणि बारा रंग लागतात. दुसरं, प्रत्येक प्रदेश सलग हवा. पुदुच्चेरी हा एकच केंद्रशासित प्रदेश तमिळनाडू, केरळ आणि आंध्र असा तीन राज्यांच्या कुशीत विखुरलेला आहे. अशा तुटक प्रदेशांना एकच रंग द्यायचा हट्ट धरला तर चारची हमी राहत नाही. या अटी उशिरा सांगितल्या तर हॉलमधलं एखादं हुशार पोरगं पाचव्या मिनिटाला तुमचं प्रमेय मोडून दाखवतं, आणि ते बरोबरही असतं.

आता नकाशा. सोलापूर जिल्ह्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरा: अहिल्यानगर, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर, सांगली, सातारा, पुणे. सात शेजारी, प्रत्येकाची पुढच्याशी सीमा लागलेली, आणि शेवटचं पुणे पुन्हा अहिल्यानगरला लागतं. मध्ये सोलापूर. या आठच जिल्ह्यांची बाह्यरेषा कागदावर काढून झेरॉक्स वाटा. सबंध महाराष्ट्राचा नकाशा देऊ नका, रंगवण्यातच वीस मिनिटं जातात.

आणि प्रत्येकाला आधी तीनच खडू द्या. पूर्ण डबी दिली तर लोक दहा रंग वापरून सुंदर नकाशा करतात आणि प्रश्न हरवतो. तीन खडूंवर पाच मिनिटं झटू द्या. कुणालाच जमणार नाही. मग कारण फळ्यावर मांडा: सोलापूरला एक रंग गेला. तो कुठल्याच शेजाऱ्याला चालत नाही, म्हणजे भोवतालच्या साखळीला दोनच रंग उरले. दोन रंगांत साखळी रंगवायची तर आलटून-पालटून: पुणे लाल, सातारा हिरवा, सांगली लाल, विजयपूर हिरवा, कलबुर्गी लाल, धाराशिव हिरवा. अहिल्यानगरच्या एका बाजूला हिरवं धाराशिव, दुसऱ्या बाजूला लाल पुणे. अडकलं. शेजारी आठ असते तर निभावलं असतं. सात विषम आहेत म्हणून निभावत नाही. अहिल्यानगर पिवळं, सोलापूर निळं, आणि चौथा खडू वाटायची वेळ आली.

इथे थांबून एक गोष्ट ठसवा. हे जे झालं ती संपूर्ण सिद्धता आहे. ‘तीन रंग पुरत नाहीत’ हे आपण करून बघितलं एवढंच नाही, कुणी कधीच करू शकणार नाही हे दाखवलं. सभागृहातल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच सिद्धता पूर्ण होताना पाहिलेली असते. तिला दोन मिनिटं द्या, घाई करू नका.

आता तोतया. चार रंगांचं कारण म्हणून नव्वद टक्के ठिकाणी असं सांगितलं जातं: ‘पाच प्रदेश असे काढताच येत नाहीत की प्रत्येक जण इतर चौघांना लागून असेल, म्हणून पाचवा रंग लागत नाही.’ पहिला अर्धा भाग खरा आहे आणि त्याची सिद्धता सोपी आहे. ‘म्हणून’ मात्र खोटा. आपल्याच नकाशावर तपासा: या आठ जिल्ह्यांत असे चार शोधा की प्रत्येक जण इतर तिघांना लागून आहे. मिळत नाहीत. सोलापूर-पुणे-सातारा हे तिघं परस्परांना लागून आहेत, पण चौथा कुणी तिघांनाही भिडत नाही. चौघं परस्पर शेजारी नसतानाही चार रंग लागलेच की नाही? मग पाच जण परस्पर शेजारी नसतील म्हणून पाच रंग लागणार नाहीत, हे कशावरून? खरा प्रश्न या ‘कशावरून’पासून सुरू होतो.

इतिहास इथे, आत्ता सांगा, आधी नाही. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना या प्रश्नावर आला. १८७९ मध्ये केम्पे या इंग्रज गणितज्ञाने सिद्धता छापली, ती सर्वमान्य झाली आणि अकरा वर्षं टिकली. १८९० मध्ये हीवुड या दुसऱ्या गणितज्ञाने तिच्यातली चूक दाखवली. अखेर १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संगणकाच्या मदतीने निकाल लावला: अठराशेहून जास्त नकाशा-तुकडे, हजार तासांहून जास्त संगणक-वेळ.

यंत्रमागवाल्यांसाठी इथे एक जागा आहे. संगणकाच्या सिद्धतेवर गणितज्ञ का कुरकुरले, हे जकार्डच्या (मागावर नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या) कार्डावरून नेमकं सांगता येतं. कार्डात एक भोक चुकीचं पडलं तर ती चूक एकाच चादरीत राहत नाही. नक्षी जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा उमटते. फरक एवढाच की चादरीवरची चूक डोळ्याला दिसते, हजार तासांच्या हिशोबातली दिसत नाही. म्हणून पुढे दुसऱ्या गटाने हेच काम स्वतंत्रपणे, ६३३ तुकड्यांवर आणून, १९९७ मध्ये छापलं आणि २००५ मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी सगळी साखळी तर्क तपासणाऱ्या प्रणालीतून पायरी-पायरीने तपासून घेतली.

मुलं जास्त चौकस असतील तर सहा रंगांची सिद्धता देऊन टाका, ती अर्ध्या फळ्यात बसते. ऑयलरच्या सूत्रावरून (नकाशातले बिंदू, सीमारेषा आणि प्रदेश यांच्या संख्यांतलं नातं) निघतं की कोणत्याही नकाशात पाच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला किमान एक प्रदेश असतोच. तो शेजारच्यात विलीन करा, उरलेला लहान नकाशा सहा रंगांत रंगवलेला आहे असं धरा, मग प्रदेश परत वेगळा काढा. त्याच्या पाच शेजाऱ्यांनी फार तर पाच रंग खाल्ले, सहावा मोकळा. कुणीतरी म्हणेलच की सोलापूरला सात शेजारी आहेत. असू देत, विधान ‘किमान एका’बद्दल आहे, प्रत्येकाबद्दल नाही. सहावरून पाचवर यायला केम्पेचीच युक्ती चालते. पाचवरून चारवर यायला ८६ वर्षं आणि संगणक लागला.

दुसऱ्या प्रश्नाला खडू नकोत, गाड्यांच्या पाट्या पुरतात. कोलाट्झची अटकळ, म्हणजे खरा वाटणारा पण अजून सिद्ध न झालेला दावा. नियम: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, जे येईल त्यावर पुन्हा तेच. दावा: कुठूनही निघा, शेवटी १ वर पोचता.

सोलापूरची एमएच-१३ घ्या. १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. नऊ पायऱ्या. धाराशिवची २५ घ्या: २३ पायऱ्या लागतात, आणि चौदाव्या पायरीला ती १३ वर येते, म्हणजे धाराशिवची गाडी सोलापूरवरूनच जाते. या वाक्याला हॉल हसतो, हसू द्या. मग कुणालातरी अमरावतीची २७ करायला सांगा आणि तुम्ही पुढचं बोलायला लागा. २७ ला १११ पायऱ्या आहेत आणि वाटेत ती ९२३२ पर्यंत चढते. करणारा दहा मिनिटांनी मान वर काढून ‘सर, हे वाढतच चाललंय’ म्हणतो, तेव्हा प्रश्नाची अडचण त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळलेली असते. यात एक बेरीज चुकली तर गाडी भलत्याच रुळावर जाते. म्हणून २७ ची पूर्ण यादी स्वतःकडे छापून ठेवा.

इथला तोतया असा: ‘इतक्या संख्या तपासल्या, सगळ्या १ वर आल्या, म्हणजे खरंच असणार.’ २०२० मध्ये ही तपासणी दोनाच्या ६८व्या घातापर्यंत पोचली होती, म्हणजे सुमारे २९५ वर अठरा शून्ये, आणि नंतर त्याही पुढे गेली. तरी तो पुरावा नाही. का नाही, हे भास्कराचार्यांकडून घ्या. ११५० च्या सुमाराला त्यांनी सोडवलेला प्रश्न: एखादी पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, ६१ ने गुणा, एक मिळवा. उत्तर पूर्ण वर्ग येईल अशी संख्या कोणती? १ पासून तपासत निघा. हजारापर्यंत नाही, लाखापर्यंत नाही, कोटीपर्यंत नाही. ‘अशी संख्याच नाही’ म्हणायचा मोह व्हावा इतक्या उशिरा, २२,६१,५३,९८० ला ती सापडते, आणि तो वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा असतो. चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्यांनी हे काढलं. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून टाकला. अभिमानाची गोष्ट आहेच, पण इथे तिचं काम वेगळं आहे: बावीस कोटी वेळा ‘नाही’ ऐकूनही पुढचं उत्तर ‘हो’ असू शकतं.

मग तपासणं कधी पुरतं? जेव्हा तपासण्यासारख्या शक्यता मोजक्या असतात. यासाठी कापरेकर. देवळालीच्या या शाळामास्तरांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक मराठी घरात माहीत असायला हवा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ घेऊ: ७२१० वजा ०१२७ म्हणजे ७०८३. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे ६१७४ च येत राहतं. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचते.

इथे एकच चूक होते, पण दर वेळी होते: पुढचं शून्य गाळणं. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पोरं ९९९ वजा ९९९ करून शून्य काढतात आणि ‘सर, तुमचं चुकलं’ म्हणतात. ०९९९ लिहायचं. मग ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

कापरेकरांचा दावा तपासून सिद्ध होतो, कारण एकूण संख्या फक्त ९९९० आहेत. त्याही तपासाव्या लागत नाहीत. पहिली वजाबाकी फक्त दोन फरकांवर अवलंबून असते: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. हे दोन फरक एकूण ५४ प्रकारांनीच येऊ शकतात. ५४ ओळींचा तक्ता दोन पानांवर मावतो आणि दहावीतली दोन मुलं तो एका संध्याकाळी करू शकतात. कोलाट्झला असा तक्ता नाही. संख्या संपतच नाहीत. दोन्ही खेळ शेजारी-शेजारी मांडले की अटकळ आणि प्रमेय यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

(कोलाट्झच्या ६८ व्या घातात संकेत शोधणारी एक व्यक्ती प्रत्येक सभेत असते. पुढे ६८ लिंगं येणार आहेत, तेव्हा आताच सांगून टाका की हा निव्वळ योगायोग.)

राखीव प्रश्न: फिरत्या विक्रेत्याचा. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, तेव्हा डिसेंबरच्या शेवटी हा विषय आपोआप जिवंत असतो. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं शहरभर आणि आसपास आहेत. प्रश्न असा मांडा: सिद्धेश्वर मंदिरातून निघून सगळीकडे एकदा जाऊन परत यायचं, सर्वांत कमी अंतराचा रस्ता कोणता? एक पथ्य पाळा. यात्रेतला नंदीध्वजांचा मार्ग परंपरेने ठरलेला आहे, तो अंतर वाचवण्यासाठी नाही. ‘मिरवणूक जवळच्या रस्त्याने नेता येईल’ असा सूरही नको. स्कूटरवरून दर्शनाला निघालेला एकटा माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

निघण्याची जागा ठरली की उरलेल्या ६७ ठिकाणांचे क्रम ६७ च्या क्रमगुणिताइतके, म्हणजे १ ते ६७ या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराइतके. उलट दिशेने गेलं तरी अंतर तेच, म्हणून त्याच्या निम्मे. (प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत हा आक्षेप येतो. मान्य करा, पण अंतर बदलत नाही.) आकडा एकदम सांगू नका, चढवत न्या: पाच ठिकाणं असतील तर १२ मार्ग. दहा असतील तर १,८१,४४०. पंधरा असतील तर सुमारे ४,३५९ कोटी. ६८ ला सुमारे १८ वर ९३ शून्ये. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतके मार्ग मोजणारं यंत्र लावलं तरी लागणाऱ्या वर्षांचा आकडा ६९ अंकी येतो. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, म्हणजे अवघा ११ अंकी.

बहुतेक वक्ते इथे थांबून ‘म्हणून हा प्रश्न महासंगणकालाही सुटत नाही’ म्हणतात. हाच तोतया, आणि हा सर्वांत निगरगट्ट. ६८ ठिकाणांचा नेमका सर्वांत छोटा मार्ग आजचा साधा लॅपटॉप काही क्षणांत काढतो, आणि तोच सर्वांत छोटा आहे याची सिद्धताही देतो. १९५४ मध्येच डँट्झिग, फुलकर्सन आणि जॉन्सन यांनी ४९ शहरांचा मार्ग सिद्धतेसह काढला होता. २००६ मध्ये ८५,९०० बिंदूंचा निघाला.

कसा, याची चव देता येते. सगळे मार्ग मोजायचेच नाहीत; ‘यापेक्षा कमी शक्य नाही’ अशी खालची पातळी काढायची. प्रत्येक ठिकाणी आपण एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो. म्हणून प्रत्येक ठिकाणापासून सर्वांत जवळच्या दोन ठिकाणांची अंतरं मिळवा, सगळ्या ६८ ची बेरीज करा, निम्मी करा (प्रत्येक रस्ता दोन टोकांनी दोनदा मोजला जातो म्हणून). कोणताही मार्ग याहून छोटा असूच शकत नाही. समजा ही पातळी २२ किलोमीटर आली आणि तुमच्या हातातला मार्ग २४ चा आहे, तर अब्जावधी मार्ग न बघताही कळलं की फार तर दोन किलोमीटर वाचतील. प्रत्यक्षातल्या पद्धती ही पातळी युक्तीने वर-वर ढकलत नेतात, ती मार्गाला टेकेपर्यंत.

मग न सुटलेलं काय आहे? अशी एकच पद्धत, जी ठिकाणांच्या कोणत्याही मांडणीला हमखास लागू पडेल आणि ठिकाणं वाढली तरी जिचा वेळ स्फोटासारखा फुगणार नाही. ती आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही, आणि पी विरुद्ध एनपी (ज्याचं उत्तर तपासणं सोपं, ते शोधणंही सोपं असतंच का?) या १९७१ पासूनच्या प्रश्नाचा हा एक अवतार. इथे आणखी एक बारीक खोच आहे. ‘उत्तर शोधणं अवघड, तपासणं सोपं’ असं सांगतात. पण एखाद्याने मार्ग हातात दिला आणि ‘हाच सर्वांत छोटा’ म्हटलं तर ते तपासणं कुठे सोपं आहे? सोपं असतं ते ‘२४ किलोमीटरच्या आतला मार्ग आहे का?’ या प्रश्नाचं ‘हो’ तपासणं: मार्ग घ्या, अंतरं मिळवा, संपलं. प्रश्न या रूपातच मांडा.

बाकीच्या प्रश्नांवर थोडक्यात, कारण विचारणारे विचारतीलच.

फर्माचं शेवटचं प्रमेय सांगायला गोड आहे, पण दाखवायला तुमच्याकडे काही नाही. विधान असं: दोन संख्यांचे सारखे घात मिळवले तर तिसऱ्या संख्येचा तोच घात कधीच येत नाही. अटी मात्र नीट सांगा: धन पूर्णांक, घात दोनपेक्षा मोठा. शून्य वगळलं नाही तर कुणीतरी ‘शून्याचा घन अधिक पाचाचा घन’ म्हणून टाळी घेतं. हुकलेली उदाहरणं द्या: ६ चा घन अधिक ८ चा घन ७२८, आणि ९ चा घन ७२९. ९ चा घन अधिक १० चा घन १७२९, आणि १२ चा घन १७२८. रामानुजन यांच्या वाढदिवशी त्यांच्या नावाशी जोडलेला १७२९ असा दारातून आलेला बरा दिसतो. सुमारे १६३७ ची फर्माची पुस्तकाच्या समासातली नोंद, १९९३ मध्ये वाइल्स यांची घोषणा, तिच्यातली फट, १९९४ मध्ये टेलर यांच्यासह ती बुजवणं, १९९५ मध्ये छपाई, एवढं सांगा आणि स्पष्ट म्हणा की सिद्धतेच्या आत आपण जात नाही आहोत. ‘सोप्या भाषेत वाइल्सची सिद्धता’ असं काही नसतं.

प्वँकारेची अटकळ लाडू आणि मेदूवड्यावर सांगतात: लाडूवर गुंडाळलेला दोरा सरकवत बिंदूएवढा करता येतो, वड्याच्या भोकातून ओवलेला येत नाही. चित्र छान आहे, पण लाडवाच्या पृष्ठभागाचा तो प्रश्न प्वँकारेच्या आधीच एकोणिसाव्या शतकात निकाली निघाला होता. १९०४ चा प्रश्न त्याच्या एक मिती वरचा, डोळ्यांसमोर न आणता येणारा. लाडवावर थांबलात तर तोतयालाच हार घातलात. पेरेलमन यांनी २००२-०३ मध्ये तो सोडवला आणि २०१० मध्ये बक्षिसाचे दहा लाख डॉलर नाकारले, हे शेवटी सांगा. सुरुवातीला सांगितलंत तर पुढची दहा मिनिटं हॉल डॉलरचे रुपये करत बसतो.

रीमानची अटकळ सरळ टाळा. अगदीच आग्रह झाला तर एवढंच: दहा लाखांपर्यंत मूळ संख्या ७८,४९८ आहेत, लॉगरिथमवरून बांधलेला एक अंदाज ७८,६२७ सांगतो, चूक १२९ ची. पुढे कितीही गेलं तरी ही चूक साधारण वर्गमुळाच्या पातळीवरच राहते, हे १८५९ च्या त्या अटकळीचं एक रूप. ‘ती सुटली की बँकांचे पासवर्ड फुटतील’ हे बिनबुडाचं आहे. अटकळ सिद्ध झाल्याने मोठ्या संख्येचे अवयव पाडायची, म्हणजे ही कुलपं उघडायची, कुठलीही नवी युक्ती हातात येत नाही. ज्याला ती खरी धरून युक्ती लढवायची आहे, तो आजही धरू शकतो.

लहान मुलं जास्त असतील तर या अवघड प्रश्नांऐवजी सोलापूरचा सात रस्ता चौक घ्या. नावाप्रमाणे सात रस्ते धरा. चौकातून प्रत्येक रस्ता नेमका एकदा वापरून फिरायचं असेल तर एका रस्त्याने आत, दुसऱ्याने बाहेर अशा जोड्या लागतात आणि सातवा एकटा उरतो. म्हणजे फेरी इथे सुरू तरी व्हायला हवी किंवा संपायला तरी. असे विषम चौक दोनपेक्षा जास्त असले की फेरी अशक्य. ऑयलरने १७३६ च्या लेखात कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांना लावलेला तर्क एवढाच.

आकडे बोलताना मिलियन-बिलियन नको. कोटीपर्यंत कोटी, त्यापुढे ‘एकावर इतकी शून्ये’. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, तिथे आपली नावं संपतात. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं समोर बरीच असतील, त्यांच्यासाठी आकडे बोलण्याबरोबर लिहाही. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत मराठी मुलंही घसरतात.

शेवटी कुणीतरी वही घेऊन येतं: फर्माची सोपी सिद्धता सापडली आहे, बघाल का? चारचौघांत वाद घालू नका, ‘चूक असणार’ असंही म्हणू नका. नेमका प्रश्न विचारा: ‘घात दोनपेक्षा मोठा आहे, हे तुम्ही कुठल्या ओळीत वापरलंत?’ तशी ओळ नसेल तर तीच सिद्धता वर्गांनाही लागू पडते, आणि तीन-चार-पाच तिला तिथेच पाडतात. वही कोलाट्झची असेल तर ‘एक मिळवा’च्या जागी ‘एक वजा करा’ ठेवून बघायला सांगा: ५, १४, ७, २०, १०, पुन्हा ५. इथे गाडी १ वर येतच नाही. मग युक्तिवाद या खेळालाही तसाच लागू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि चार रंगांची दोन पानी सिद्धता घेऊन कुणी आलं, जिचा सगळा भार ‘पाच प्रदेश परस्परांना लागून असू शकत नाहीत’ यावर आहे, तर आठ जिल्ह्यांचा तोच झेरॉक्स आणि तीन खडू त्यांच्या हातात द्या.